कबुलीनंतरची कथा

दूरचित्रवाणीवरील पोलिसी मालिकांना नाके मुरडणे सोपे आहे. ‘सी.आय.डी.’ ही मालिका १९९८ पासून २०१८ पर्यंत चालली आणि २०२४ च्या अखेरीस पुन्हा अवतरली, ती काही प्रेक्षक मूढ होते म्हणून नव्हे. श्री. शिवाजी साटम यांचा प्रद्युम्न तंजावरसारख्या ठिकाणी बदलीवर आलेल्या मराठी माणसाला तर घरचाच वाटतो. तेव्हा डॉ. साळुंखे क्षणार्धात अहवाल देतात किंवा दया लाथेसरशी दार मोडतो, याबद्दल तक्रार नको. संगीत नाटकातील मरणोन्मुख नायकाने पद म्हणावे, तसाच तो संकेत आहे. आमचा आक्षेप एकाच ठिकाणी आहे : ही कथा संपते कोठे?

ती संपते थपडेपाशी. संशयिताच्या गालावर हात पडतो, तो सर्व ओकून टाकतो आणि अधिकारी फाशीचे भाकीत करून मोकळा होतो. वस्तुतः कायद्याच्या दृष्टीने इथवर जवळजवळ काहीच घडलेले नसते. पोलिसापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही, हे १८७२ च्या पुरावा अधिनियमाचे पंचविसावे कलम होते. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तेविसाव्या कलमात तो नियम कायम आहे. मकोकासारखे अपवाद आहेत, पण ते अपवादच. कोठडीतील आरोपीच्या सांगण्यावरून हत्यार वा दागिना प्रत्यक्ष सापडला, तर त्या शोधापुरताच त्याच्या बोलण्याचा भाग ग्राह्य. म्हणून खरा तपास आपणां फायलींतल्या माणसांना अधिक ओळखीचा वाटेल : पंचनामा, पंचांच्या सह्या, मोहोरबंद पुडकी, केस डायरी, आणि एखादी तारीख चुकल्यास कित्येक वर्षांनी उलटतपासणीत होणारी फजिती.

कायद्याचा हा अविश्वास उगाच जन्मलेला नाही. ज्या १८५५ साली तंजावरचे अखेरचे भोसले राजे शिवाजी पुरुष वारस न ठेवता वारले, त्याच वर्षी मद्रास इलाख्यातील छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल बाहेर पडला. बोटे दाबणारी लाकडी ‘किट्टी’, माणसाला वाकवून दोरीने जखडणे, हे प्रकार त्यात नोंदलेले आहेत; सारा वसूल करणारे आणि चोर पकडणारे हात तेव्हा पुष्कळदा एकच असत. पोलिसापुढील कबुली नाकारणारा नियम १८६१ च्या फौजदारी संहितेत प्रथम आला. आणि हे सारे इतिहासजमा झाले म्हणावे, तर जून २०२० मध्ये याच राज्यात सात्तानकुळम् येथे एक दुकानदार व त्याचा मुलगा पोलिसांच्या मारहाणीनंतर मरण पावले. थपडेला टाळी देण्याची सवय मालिकेने लावली असेल, तर तो केवळ अभिरुचीचा प्रश्न उरत नाही.

या पार्श्वभूमीवर वेट्रिमारन यांचा तमिळ चित्रपट ‘विसारणै’ (२०१५) पाहावा. शब्द आपल्या ‘विचारणे’चाच सोयरा. कोइंबतूरचे रिक्षाचालक एम. चंद्रकुमार यांनी स्वतः भोगलेल्या कोठडीवर लिहिलेल्या कादंबरीचा त्याला आधार आहे. गुंटूरमध्ये पोटासाठी गेलेले तमिळ मजूर एका चोरीसाठी पकडले जातात. मार चालू असतो तो सत्य काढण्यासाठी नव्हे. वरून दडपण आले आहे आणि प्रकरण निकाली निघाले पाहिजे म्हणून. (‘निकाली काढणे’ या आपल्या कचेरीतील निरुपद्रवी शब्दाची एवढी धास्ती आम्हांस पूर्वी कधी वाटली नव्हती.) त्यांची सुटका होते ती न्यायालयात, दुसऱ्याच कामासाठी आलेला एक तमिळ अधिकारी त्यांचे बोलणे न्यायाधीशांना तेलुगूत समजावून सांगतो तेव्हा. परमुलखात भाषेवाचून माणूस किती उघडा पडतो, हे येथे जितक्या कमी शब्दांत कळते तितके आम्ही अन्यत्र पाहिलेले नाही.

उत्तरार्धात मात्र चित्रपट कारस्थानांच्या वेगवान कथेकडे वळतो. तेथे पात्रे पोलिसांच्या हातून सुटून कथानकाच्या हातात सापडतात, आणि पूर्वार्धातील ती संथ, कोंडलेली खोली विरळ होऊ लागते. मारहाणही दिग्दर्शक गरजेपेक्षा अधिक वेळ दाखवितो. तथापि त्यातील एकाही फटक्याला चित्रपटगृहात टाळी पडेल, असे आम्हांस वाटत नाही.