मांडणी आणि मोड

१

मराठी साहित्यविचारात ‘घर’ या आशयसूत्राची चर्चा पुष्कळ झाली आहे. घरातील वस्तूंची मात्र त्या मानाने फारच थोडी. कादंबरीतील वाडा आपण संस्कृतीचे, कुळाचे, कालबाह्य झालेल्या सत्तेचे प्रतीक म्हणून वाचतो. पण त्या वाड्यातील झोपाळा, समया, पानाचे तबक, देव्हारा, फडताळ ही सारी आपल्या वाचनात केवळ नेपथ्याच्या जागी राहतात. जुन्या वस्तू घरभर मांडून ठेवण्याची आवड जसजशी वाढत गेली, तसतसा या उपेक्षेचा प्रश्न अधिक निकडीचा झाला आहे. कारण जुने घर आणि जुन्या वस्तू यांची मांडणी करणारा माणूस एका अर्थाने कथनच करीत असतो, आणि कथन म्हटले की समीक्षा आलीच.

‘मांडणी’ हा शब्द या संदर्भात ध्यानात घेण्याजोगा आहे. स्वयंपाकघरात भांडी लावून ठेवण्याची जी फळ्यांची चौकट असते, ती मांडणी. वस्तू विशिष्ट क्रमाने ठेवण्याची रीत, तीही मांडणी. आणि एखाद्या प्रश्नाचे सयुक्तिक विवेचन, त्यालाही आपण मांडणीच म्हणतो. वस्तू आणि विचार यांना एकाच शब्दाने धरणाऱ्या या भाषेत दिवाणखान्यातील वस्तूंच्या रचनेमागे कोणता विचार आहे, असे विचारणे अस्थानी ठरू नये. याच्या उलट टोकाला ‘मोड’ हा शब्द आहे. चेपलेले तांब्या-पितळेचे भांडे वजनावर घालून त्याच्या बदल्यात नवे घेणे, म्हणजे मोड देणे. मोडीत गेलेल्या वस्तूचे नाव जाते, रूप जाते, फक्त धातूचे वजन उरते. जुन्या मराठी घरातील बहुतेक वस्तूंचे प्राक्तन या दोन शब्दांच्या दरम्यान ठरले आहे.

हा विचार सुचला तो झाशीत. नगरा भागात काही दिवस वास्तव्य असताना गावातील राणीमहालात अनेकदा जाणे झाले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रघुनाथराव नेवाळकरांनी बांधलेली ही दुमजली वास्तू. मध्ये चौक, चौकात कारंजी, भोवती दालने, आणि दरबाराच्या दालनात छतावर वेलबुट्टीचे रंगकाम. १८५४ मध्ये संस्थान खालसा झाल्यावर किल्ला सोडून राणी लक्ष्मीबाई येथे राहावयास आल्या. आज येथे पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे, आणि त्यात प्रामुख्याने आहेत ती नवव्या ते बाराव्या शतकांतील पाषाणशिल्पे. म्हणजे घर नेवाळकरांचे, आणि त्यातील मूर्ती त्यांच्या कित्येक शतके आधीच्या. घरच्या वस्तू कोठे आहेत, हा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात उभा राहतोच. त्याचे उत्तर एका मराठी ग्रंथात आहे.

२

विष्णुभट गोडसे वरसईकर यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ सत्तावनच्या बंडाची प्रत्यक्षदर्शी हकीकत म्हणून वाचला जातो, आणि ते योग्यच आहे. पण या ग्रंथाकडे वस्तूंच्या दृष्टीने पाहिले तर दोन प्रसंग शेजारी शेजारी येऊन उभे राहतात. पहिला प्रसंग चैत्रातील हळदीकुंकवाचा. मार्च १८५८ मध्ये इंग्रजांचे सैन्य झाशीच्या जवळ आलेले असताना राणीने चैत्रगौरीचे हळदीकुंकू थाटाने केले, अशी हकीकत गोडसे भटजी देतात. दुसरा प्रसंग ३ एप्रिल १८५८ रोजी इंग्रज शहरात शिरल्यानंतरच्या लुटीचा. या दोन प्रसंगांत काही दिवसांचेच अंतर आहे.

चैत्रगौर हा आपल्याकडील वस्तुप्रदर्शनाचा खास घरगुती प्रकार होय. पायऱ्यापायऱ्यांची आरास करावयाची, वर गौर बसवावयाची, आणि घरात जे जे पाहण्याजोगे असेल ते ते, रुप्याची उपकरणी, लाकडी चित्रे, खेळणी, फुले, फळे, तिच्यापुढे मांडावयाचे. आल्यागेल्या सुवासिनींना आंब्याची डाळ आणि पन्हे द्यावयाचे. या आराशीची तीन वैशिष्ट्ये आहेत. ती प्रासंगिक असते; तिचा मध्यबिंदू वस्तू नसून देवता असते; आणि प्रसंग सरला की वस्तू पुन्हा फडताळात वा पेटीत जाते. वर्षभर दृष्टीआड राहिल्यामुळेच त्या दिवशी ती नवी दिसते. वेढा पडण्याच्या बेतात असलेल्या नगरात ही आरास मांडली गेली, यात केवळ धार्मिकता वा बेफिकिरी पाहणे अपुरे ठरेल. आपले घर अजून घर आहे, त्यातील वस्तूंना अजून प्रसंग आहे, असे सांगण्याची ती एक रीत होती.

आणि मग लूट. गोडसे भटजींच्या वर्णनात एक भयंकर शिस्त आहे. आधी सोने, रुपे, नाणे, मग तांब्या-पितळेची भांडी, मग कापडचोपड, मग धान्य, आणि असे होत होत अगदी किरकोळ सामानापर्यंत. एखाद्या घराची यादी करावी, तशीच ही यादी आहे. फक्त ती घर रिकामे करीत जाते. लुटणाऱ्याच्या हातांनी लावलेला हा मूल्यक्रम आहे, आणि त्यात जिला बाजारात किंमत नाही ती वस्तू अखेरीस येते. राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाची हानी सांगताना भटजींचा स्वर बदलतो, हे कोणाही वाचकास जाणवेल. पिढ्यानपिढ्या जमविलेल्या, दूरदूरच्या पंडितांना उपयोगी पडणाऱ्या त्या पोथ्यांना लुटीच्या क्रमात जागाच नव्हती. त्यांचा फक्त नाश झाला. वेदविद्येवर निर्वाह करणाऱ्या या भिक्षुकाला सोन्यानाण्याच्या लुटीपेक्षा ते नुकसान मोठे वाटावे, हे स्वाभाविकच होते. द्रव्य मिळविण्यासाठी घराबाहेर पडलेले भटजी अखेर गंगेचे पाणी घेऊन घरी परतले.

या ग्रंथाचा प्रकाशन-इतिहासही आपल्या विषयाशी निगडित आहे. १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्यांनी तो प्रसिद्ध केला तेव्हा त्यावर संपादकाचा हात बराच फिरलेला होता. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी तो १९६६ मध्ये पुन्हा सिद्ध केला. चिंच लावून लख्ख घासलेली समई आणि कळंक तसाच ठेवलेली समई यांत जो फरक, तोच या दोन प्रतींत आहे. घासल्याने समई देखणी होते. परंतु तिच्यावरील काळाची खूण पुसली जाते. वैद्यांनी केले ते आपल्या काळाच्या गरजेने केले. त्यांच्याविना ग्रंथ वाचकांपर्यंत आलाच नसता. तरीही दोन्ही प्रती हाताशी असणे आवश्यक आहे, हे घरातील वस्तूंबाबतही खरे आहे.

३

झाशीत लुटीने केले ते महाराष्ट्रात विसाव्या शतकात संथपणे आणि संमतीने घडले. वाडे पडले, कुटुंबे विभागली, भांडी मोडीत गेली. या प्रवाहाच्या विरुद्ध उभा राहिलेला एक माणूस कवी होता, याचे आपल्याला पुरेसे आश्चर्य वाटलेले नाही. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवावयास आरंभ केला. पत्नी कमलाबाई या कार्यात त्यांच्या सहभागी होत्या. बालवयातच गेलेला मुलगा राजा याचे नाव त्यांनी संग्रहाला दिले, आणि १९७५ मध्ये पुण्यातील आपल्या वाड्यातला सुमारे वीस हजार वस्तूंचा तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला.

या संग्रहाचे वैशिष्ट्य त्यातील निवडीत आहे. अडकित्ते, दिवे, दौती, पानदाने, पाय घासावयाच्या वज्र्या, स्वयंपाकघरातील उपकरणी, कोरीव दरवाजे, वाद्ये, चित्रकथीची चित्रे. झाशीच्या लुटीचा क्रम जेथे संपतो, जवळजवळ तेथून केळकरांचा क्रम सुरू होतो. बाजाराने अखेरीस टाकलेली वस्तू या कवीने प्रथम उचलली. वज्रीने पाय घासणारी बाई, अडकित्त्याने सुपारी कातरणारे आजोबा, तो अडकित्ता घडविणारा कारागीर, यांपैकी कोणाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. ‘अज्ञातवासी’ हे टोपणनाव कवीपेक्षा त्याच्या संग्रहातील या निनावी माणसांनाच अधिक शोभते, असे म्हटल्यास केळकरांचा अवमान होणार नाही.

तथापि एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. एका कपाटात अनेक अडकित्ते मांडले की तो अडकित्त्यांचा कोश होतो. तबकात, चुन्याच्या डबीशेजारी, अर्धी कातरलेली सुपारी असताना अडकित्ता पाहिला की ते वाक्य होते. कोशाने शब्दाचे रूपवैविध्य कळते. शब्द बोलला कसा जात होता, हे वाक्यानेच कळते. संग्रहालयाला कोशाची शिस्त अपरिहार्य आहे. केळकरांच्या संग्रहात मस्तानीच्या कोथरूड येथील महालाचे अवशेष आणून एक दालन पुन्हा उभारले आहे. तेथे कोश सोडून वाक्य रचण्याचा प्रयत्न दिसतो. मात्र ते वाक्य मूळ परिच्छेदातून उचललेले आहे, याचेही भान राखावे लागते.

४

साहित्यशास्त्राच्या परिभाषेत ही अडचण अधिक स्पष्ट करता येईल. राहत्या घरातील समई हा उद्दीपन विभाव आहे; भावाचे आलंबन असतात ती माणसे, किंवा ती देवता, जिच्यापुढे समई तेवते. वस्तू काचेआड गेली की माणसे दूर होतात आणि उद्दीपन होते तेच आलंबन होऊन बसते. मग समईविषयीच भक्ती, समईविषयीच करुणा. ज्याला आपण स्मरणरंजन म्हणतो, त्याचे मूळ या स्थानबदलात आहे. भाव तोच राहतो, पण त्याचा विषय चुकतो.

हे चुकणे हौशी मांडणीत फार ठळक दिसते. एका जुन्या घरात, नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, शिसवी देव्हाऱ्यात टेलिफोन ठेवलेला मी पाहिला, आणि जात्याच्या तळीवर कुंडी. यजमानांच्या रसिकतेविषयी शंका नव्हती. पण त्या जात्यावर पहाटे कोणाचे हात झिजले, याची जाणीव त्या मांडणीत कोठेही नव्हती. जाते सुंदर दगड झाले होते. आणखी एक विपर्यास असा की, अशी घरे मूळ घरांपेक्षा फार भरलेली असतात. पेशवाईतील वाड्यात खुर्च्या-टेबले नव्हती. बैठक होती, लोड-तक्के होते, पाट आणि चौरंग होते, कोनाडे होते. उरलेले कोठीघरात. ‘फर्निचर’ला आपण अजूनही चपखल मराठी शब्द वापरीत नाही, याचे कारण ती कल्पनाच एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमलाबरोबर घरोघरी रुजली. रिकामी जागा हे त्या जुन्या घराचे लक्षण होते, आणि नेमके तेच आजच्या मांडणीत प्रथम नाहीसे होते.

महेश एलकुंचवारांनी ‘वाडा चिरेबंदी’ या १९८५ मध्ये रंगभूमीवर आलेल्या नाटकात या प्रश्नाची दुसरी बाजू दाखविली आहे. धरणगावकर देशपांड्यांच्या वाड्यात वस्तू आहेत, पण प्रसंग उरलेला नाही. घराण्याचे दागिने वहिनी अंगावर घालते तो प्रवेश आठवावा. ना सण, ना लग्न. पाहणारा एकटा नवरा. चैत्रगौरीची आरास आणि हा प्रवेश एकमेकांसमोर ठेवले म्हणजे त्यातील कारुण्य कळते. दारातील गंजणारा ट्रॅक्टर तर जुनाही नाही आणि उपयोगाचाही नाही. त्याची मांडणी होत नाही, मोडही होत नाही. आणि दागिने अखेर रंजूबरोबर घराबाहेर जातात. या वाड्यावर लूटदारांची स्वारी आलेली नाही. घर आतूनच रिते होते. एलकुंचवार त्या वस्तूंविषयी हळहळत नाहीत. शिकू न दिलेल्या प्रभाविषयी ते आपल्याला अस्वस्थ करतात. भावाचे आलंबन त्यांनी ढळू दिलेले नाही, आणि नाटकाचे बळ त्यात आहे.

५

जगातही या प्रश्नाला वेगवेगळी उत्तरे मिळाली आहेत. लंडनचे वास्तुशिल्पी जॉन सोन यांनी १८३३ मध्ये पार्लमेंटचा कायदा करवून घेऊन आपले घर व संग्रह मृत्यूनंतरही शक्यतो तसाच राहील अशी तजवीज केली. तेथे संग्राहकच नायक आहे. ओरहान पामुक यांनी २००८ मध्ये कादंबरी लिहिली आणि २०१२ मध्ये इस्तंबूलमधील एका जुन्या घरात त्याच नावाचे संग्रहालय उघडले. कादंबरीच्या प्रकरणागणिक पेट्या, एका भिंतीवर ४,२१३ सिगारेटची थोटके. पात्रे काल्पनिक, वस्तू खऱ्या. वस्तूला कथा देण्यासाठी कादंबरीकाराला कादंबरी लिहावी लागली, हा त्यातील बोध.

आपल्याकडे कथा आधीच आहे. ‘माझा प्रवास’ आहे. म्हणून राणीमहालात कोठून तरी झुंबरे आणि मेजे विकत आणून दालने सजवावीत, अशी सूचना कोणी केलीच तर तिला नम्रपणे विरोध केला पाहिजे. त्या दालनांचे रितेपण हाच तेथील अस्सल ऐवज आहे. लुटले गेलेले घर भरलेले दाखविणे म्हणजे लूट झालीच नव्हती असे सांगणे. फार तर तेथे गोडसे भटजींची हकीकत वाचावयास मिळावी, आणि पोथ्यांच्या त्या संग्रहाचा उल्लेख असावा.

जुनी वस्तू मांडू पाहणाऱ्याने तीन गोष्टी विचाराव्यात: ही कोणाच्या हातची, कोणत्या प्रसंगाची, आणि हिच्याभोवती किती जागा मोकळी होती. साहित्याच्या विद्यार्थ्यानेही कथा-कादंबऱ्यांतील घरांना हेच प्रश्न विचारावेत. नेपथ्य म्हणून ओलांडलेल्या कित्येक ओळींचा अर्थ त्याला नव्याने लागेल. घरात एखादी जुनी समई असेल, तर ती बाराही महिने दिवाणखान्यात ठेवण्याऐवजी चैत्रात काढावी, वात लावावी, आणि मग पुसून पुन्हा फडताळात ठेवून द्यावी. झाशीत १८५८ च्या चैत्रात ज्यांनी आरास मांडली त्यांना ती आवरण्याची सवड मिळाली नसावी. आपल्याला ती आहे.