मुरिल्योचे बेथेसदा

सेव्हिलच्या कारिदाद रुग्णालयाच्या चर्चसाठी मुरिल्योने १६६७ ते १६७० च्या दरम्यान रंगविलेले हे चित्र आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. वर तेजात देवदूत दिसतो. योहान ५:४ हे वचन प्राचीनतम हस्तलिखितांत नाही. तेव्हा अभ्यासकास तो उपरा वाटेल. मला तो आवश्यक वाटतो, कारण रोग्याची दृष्टी त्याच्याकडे वा तळ्याकडे नसून ख्रिस्ताकडे आहे. अडतीस वर्षे खितपत पडलेल्याचा खांदा मात्र फारच भरीव उतरला आहे! मुरिल्यो स्वतः त्या रुग्णालयाच्या बंधुसंघाचा सभासद होता. आपणास पाण्यात सोडणारा कोणी नाही, ही रोग्याची तक्रार त्या भिंतीवरून प्रथम बंधूंनाच ऐकावी लागत असे.