सोलापूरचे माळरान आणि ‘पडीक’ हा वर्ग

नकाशाचे परीक्षण करताना त्यातील रेषा किती अचूक आहेत एवढेच बहुधा पाहिले जाते. रेषांनी वेढलेल्या भागास दिलेले नाव मात्र निर्विवाद समजले जाते. हैदराबाद येथील राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्राने केंद्रीय भूसंसाधन विभागासाठी सिद्ध केलेला ‘वेस्टलँड्स ॲटलास ऑफ इंडिया’ सोलापूर जिल्ह्याची भूमी ध्यानात ठेवून वाचला असता, ही रीत किती अपुरी आहे ते कळून येते.

उपग्रह जमीन पाहत नाही. तो परावर्तित प्रकाश मोजतो. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषते व अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परत फेकते. ह्या दोहोंच्या तफावतीवरून वनस्पती-निर्देशांक काढतात. सोलापुरात हा निर्देशांक सर्वस्वी ऋतूच्या अधीन आहे. मुरमाड माळावरील कुसळीचे गवत भाद्रपदात हिरवेगार असते, तर पौषात ते वाळून पिवळे पडलेले असते. उलटपक्षी, रब्बीच्या मालदांडी ज्वारीसाठी राखलेली काळी जमीन ऐन पावसाळ्यात उघडी दिसते आणि हिवाळ्यात हिरवी होते. एकाच तारखेचे चित्र घेतले तर दोहोंपैकी एकीविषयी तरी चुकीचा निष्कर्ष निघावयाचाच. २००५-०६ सालची तीन हंगामांची चित्रे आधारास घेऊन २०१० च्या आवृत्तीने हा दोष पुष्कळसा दूर केला, हे श्रेय तिला दिलेच पाहिजे.

तथापि मूळ अडचण चित्राची नसून व्याख्येची आहे. जी जमीन अवनत झाली आहे, जिचा पुरेसा उपयोग होत नाही आणि जी रास्त प्रयत्नांनी वनस्पतींखाली आणता येईल, ती पडीक, असा ह्या व्याख्येचा आशय आहे. आता ‘उपयोग’ ही काही परावर्तित होणारी वस्तू नव्हे. माळावर धनगरांची मेंढरे चरतात, हे कोणत्याही तरंगलांबीवर उमटत नाही. सातबाऱ्यावरील ‘पोटखराब’ ह्या शब्दामागे जी महसुली दृष्टी आहे, तिचेच हे वंशज होय. साधन अंतराळातील आले, पण शब्द कचेरीतलाच राहिला.

भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांतही, निराळ्या मार्गाने का होईना, हेच घडते. किमान एक हेक्टर क्षेत्रावर १० टक्के वा अधिक पर्णछत्र असले की ते वनाच्छादन ठरते. मालकी कोणाची, झाडे कोणती, हा विचार तेथे नाही. त्यामुळे दाट आमराई वनाच्छादनात जमा होऊ शकते आणि गवताळ माळ बाहेर राहतो. उसासारख्या पिकाचे परावर्तन वृक्षछत्राशी जुळते व त्यामुळे सीमा आखणे कठीण जाते, ही कबुली ह्या अहवालांतच आढळते. उजनीच्या पाण्यावर ऊस वाढलेल्या जिल्ह्यात ही कबुली तळटीपेइतकी क्षुल्लक मानता येणार नाही. शिवाय गवताचा कर्ब बहुतांशी जमिनीखाली, मुळांत व मातीत साठतो. पर्णछत्र मोजणाऱ्या पद्धतीच्या हाती तो लागत नाही.

ह्या वर्गीकरणाचे परिणाम कागदापुरते राहत नाहीत. एकदा जमीन पडीक ठरली की तिच्यावर झाडे लावणे हे पुण्यकर्म ठरते. नान्नजच्या परिसरात १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य घोषित झाले, ८,४९६ चौ. कि. मी. इतके त्याचे मूळ क्षेत्र पुढे सुमारे १,२२२ चौ. कि. मी. वर आले. उघड्या माळावर दूरवर दृष्टी पोहोचणे ही ज्या पक्ष्याची गरज, त्याच्या अधिवासात गिरिपुष्पासारखी झाडे लावली गेली. माळढोकाचे दर्शन आता तेथे अतिदुर्मीळ झाले आहे. काळवीट व लांडगा अद्याप त्याच गवताच्या आश्रयाने आहेत.

ह्या पार्श्वभूमीवर एम. डी. मधुसूदन व अबी वनक ह्यांनी केलेला भारतातील निमशुष्क खुल्या नैसर्गिक परिसंस्थांचा नकाशा विशेष महत्त्वाचा वाटतो. वनक ह्यांनी नान्नज येथे कोल्ह्याच्या जातीतील खोकडाचा प्रत्यक्ष क्षेत्राभ्यास केलेला आहे, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. आधार येथेही उपग्रहचित्रांचाच, पण माळाला येथे अभावाचे नाव न देता स्वतंत्र वर्ग दिला आहे. ह्या परिसंस्थांचा फार मोठा भाग सरकारी नकाशांत ‘वेस्टलँड’ म्हणून दाखविला गेला आहे, असे त्या तुलनेतून निष्पन्न झाले. अर्थात ह्या पद्धतीलाही मर्यादा आहेत. अनेक वर्षे न नांगरलेले शेत आणि मूळचा माळ ह्यांचे वर्णपट बरेच मिळतेजुळते असतात. २३.५ मीटरऐवजी १० मीटरचा पिक्सेल घेतल्याने हा भेद मिटत नाही. तेथे गवताच्या जाती ओळखणारा अभ्यासक हवा, आणि कोणत्या साली कोणता तुकडा नांगराखाली होता हे सांगणारा गावचा मेंढपाळही.