सतरा झाडांचे चित्र

पिंपरी-चिंचवड, चाकणच्या कारखान्यांच्या कार्यालयांत प्रिंटरच्या वर बहुधा एक तक्ता आढळतो : एक टन कागद म्हणजे 17 झाडे. खाली हिरव्या त्रिकोणी झाडांची रांग. अशा माहितीचित्राकडे मी मजकूर म्हणून पाहतो, आणि मजकूर म्हणून ते मला खोटे नव्हे, परके वाटते.

आधी झाडच घेऊ. त्रिकोणी झाड म्हणजे थंड प्रदेशातले पाइन. आपल्याकडच्या कागदामागे बांबू, निलगिरी, सुबाभूळ आहेत. पैकी बांबू तर वनस्पतिशास्त्राच्या हिशेबी गवत. गडचिरोलीचा बांबू वर्षानुवर्षे कागद गिरणीकडे गेला. तो कोणाचा, हा प्रश्न मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने लावून धरला आणि एप्रिल 2011मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक तिच्या हाती आले. सतरा पाइनच्या रांगेत तोड दिसते, मालकीचे हे भांडण दिसत नाही.

व्हिएन्नाच्या ओटो नॉयराथ यांनी 1920च्या दशकात चित्रांतून संख्या मांडण्याची पद्धत घडवली. संख्या वाढली की चिन्ह मोठे करायचे नाही, पुन्हा पुन्हा काढायचे, हा त्यांचा नियम. कारण उंची दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होते. झाडांच्या रांगेत तो पाळला जातो. पाण्यापाशी मात्र सर्रास मोडतो, आणि एक उंचच उंच बाटली उभी राहते.

बाटलीतला घोटाळा आकाराहून खोल आहे. ए-फोर आकाराच्या एका कागदामागे 2 ते 13 लिटर पाणी, असा हिशेब नेदरलँड्सच्या संशोधकांनी 2010मध्ये मांडला. त्यातले बहुतांश पाणी गिरणीच्या नळातले नाही. जंगलावर पडून झाडांतून हवेत गेलेला तो पाऊस आहे. 2019च्या अखेरीपासून दिवसाआड पाणी भरणाऱ्या पिंपरीकराला बाटली दाखवली, तर त्याला पवना धरणच आठवणार. पावसाचे पाणी वेगळ्या रंगात आणि गिरणीने नदीतून उचललेले वेगळ्या रंगात दाखवणे काही अवघड नव्हते. तेवढेही करत नाहीत!

आणि या पट्ट्याचा खरा कागद प्रिंटरमध्ये नसतोच. तो सुट्या भागांच्या तीन, पाच, सात प्लायच्या खोक्यांत असतो. त्यांचा तपकिरी क्राफ्ट कागद आपल्याकडे मुख्यतः रद्दीतून येतो. तिथे झाडे मोजण्यापेक्षा कागद वाळवण्यासाठी लागणाऱ्या वाफेचा कोळसा आणि रद्दीतून निघणारा प्लास्टिकचा गाळ मोजायला हवा. शिवाय दर फेरीत तंतू आखूड होत जातो; पाच-सात फेऱ्यांनंतर तो कागदाच्या कामाचा उरत नाही, नवा तंतू मिसळावाच लागतो. पुनर्वापराच्या तीन हिरव्या बाणांचे वर्तुळ ही गळती झाकते.

त्या बाणांच्या मधे माणूसही नसतो. खोके आपोआप गिरणीत परतत नाही; कोणीतरी ते उचलतो, चिकटपट्टी सोलतो, दाबून गठ्ठे बांधतो. रद्दी वेचणाऱ्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत पुण्यात 1993मध्येच उभी राहिली, तरी चित्रकारांना ही माणसे अजून दिसलेली नाहीत. चिखली-कुदळवाडीतली भंगाराची गोदामे महापालिकेने फेब्रुवारी 2025मध्ये पाडली, तेव्हा वर्तुळाचा एक बाण जमिनीवरून पुसला गेला. प्रिंटरवरच्या तक्त्यात तिन्ही बाण अजून फिरत आहेत.