सदऱ्यावरचे नाव

दिवाळी अंक हाती आला की मी प्रथम जाहिराती वाचतो. लेखक म्हणवून घेणाऱ्याने हे कबूल करावे की नाही, हा प्रश्नच आहे; पण सणासुदीला खोटे कशाला बोला? सराफाची पेढी, सहकारी बँक, मसाले, केशवर्धक तेले, आणि कुठेतरी कोपऱ्यात 'एक हितचिंतक' एवढ्या दोनच शब्दांची पाव पानाची जाहिरात. त्या हितचिंतकाविषयी मला नेहमीच कुतूहल वाटत आले आहे. तो काहीच विकत नाही. मग त्याने दिले ते जागेचे दाम, की संपादकांवरच्या लोभापोटी दिलेली देणगी?

या प्रश्नाशी माझी एकदा प्रत्यक्ष गाठ पडली होती. शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या स्मरणिकेचा जमाखर्च त्या वर्षी माझ्याकडे होता. पूर्ण पानाचा दर एक हजार रुपये. गावातल्या एका व्यापाऱ्याने एका पानाचे दहा हजार दिले. त्यांचा नातू त्या वर्षी नाटकात शिवाजी झाला होता, हेही सांगून टाकतो. मी आनंदाने सगळे दहा हजार 'जाहिरात उत्पन्न' म्हणून वहीत लिहिले. मुख्याध्यापकांनी वही पाहिली, चष्मा काढला आणि विचारले, "गुरुजी, आपले पान दहा हजारांचे केव्हा झाले?"

मी खोडून लिहिले : जाहिरात एक हजार, देणगी नऊ हजार. रक्कम तीच राहिली. पण वही खरी बोलू लागली.

संपादकांनी यंदा माझ्याकडे परीक्षण मागितले, तेव्हा एखादी कादंबरी किंवा कथासंग्रह निवडीन अशी त्यांची अपेक्षा असणार. मी मात्र ज्यांचे परीक्षण सहसा कोणी करीत नाही अशा लेखनाकडे वळलो आहे. युरोपातल्या फुटबॉल क्लबांनी पैसा कसा मिळवावा व किती खर्चावा याविषयीच्या नियमांचे गेल्या पंधरा-सोळा वर्षांत एक वाङ्मयच तयार झाले आहे. हिशेबशास्त्र मी शिकलेलो नाही. मॅट्रिकचे गणित तेवढे पदरी आहे. पण या नियमांच्या पोटात गोष्टी आहेत, आणि गोष्टीत खोटे पात्र कोणते हे ओळखण्याचा थोडाबहुत सराव मला आहे.

खेळाडूच्या सदऱ्यावर दुकानाचे नाव ही आज इतकी अंगवळणी पडलेली गोष्ट आहे की, कधीकाळी ती निषिद्ध होती हे आमच्या मुलांना सांगूनही पटत नाही. १९७३ साली जर्मनीतील आइनट्राख्ट ब्राउनश्वाइग या क्लबाला एका मद्याच्या कंपनीने पैसे देऊ केले. सदऱ्यावर जाहिरात नको असा नियम होता, म्हणून क्लबाने आपले बोधचिन्हच बदलले आणि त्या मद्याच्या बाटलीवरचे सांबराचे मस्तक छातीवर घेतले. जाहिरातीला बंदी होती, बोधचिन्हाला थोडीच होती? १९७६ च्या जानेवारीत इंग्लंडातल्या केटरिंग टाउन या लहानशा क्लबाने 'केटरिंग टायर्स' अशी अक्षरे सदऱ्यावर छापली. ती काढून टाका, असा हुकूम फुटबॉल संघटनेकडून आला. क्लबाने काय केले? 'टायर्स'मधली बाकीची अक्षरे काढून 'केटरिंग टी' एवढेच ठेवले आणि वर सांगितले की हा 'टी' म्हणजे 'टाउन'! संघटनेने दंडाची धमकी दिल्यावर मात्र तेही गेले. पुढल्या वर्षी संघटनेने स्वतःच परवानगी दिली आणि १९७९ मध्ये लिव्हरपूलसारखा मातब्बर क्लब हिताचीचे नाव मिरवू लागला.

मला या दोन्ही गोष्टी फार आवडतात. त्यांतली लबाडी उघडी आहे आणि हसरी आहे. टायरवाल्याला टायर विकायचे होते, मद्यवाल्याला मद्य. त्यांना क्लबाची छाती हवी होती आणि तिचे ते दाम मोजीत होते. पुढे जे बदलले ते हे की, दाम मोजणारा आणि क्लबाचा मालक यांत नाते निघू लागले.

२००८ साली मँचेस्टर सिटी हा क्लब अबू धाबीच्या राजघराण्यातील शेख मन्सूर यांनी घेतला. २०११ मध्ये अबू धाबीच्याच एतिहाद विमान कंपनीशी क्लबाचा मोठा करार झाला आणि मैदानालाही तिचे नाव मिळाले. त्याच वर्षी पॅरिस सेंट-जर्मेन कतारकडे गेला आणि पुढे कतारच्या पर्यटन खात्याशी त्याने केलेल्या कराराचे आकडे वाचून लोकांनी तोंडात बोटे घातली. इकडे युरोपीय फुटबॉल संघटना, म्हणजे यूईएफए, मिशेल प्लातिनी यांच्या अध्यक्षतेखाली २००९-१० च्या सुमारास नवे नियम करून बसली होती. क्लबाने मिळवावे तेवढेच खर्चावे, आणि मालकाने तूट भरून देण्यालाही मर्यादा असावी, असा त्यांचा आशय.

हे नियम श्रीमंतांचा मत्सर म्हणून केले, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. २००८ साली इंग्लंडचा एफ. ए. चषक जिंकणारा पोर्ट्समथ क्लब पाहा. ऐपतीबाहेरचे पगार, मालकांमागून मालक, आणि २०१० च्या फेब्रुवारीत दिवाळखोरीच्या दारात. नऊ गुण कापले गेले, संघ खालच्या श्रेणीत गेला आणि कार्यालयातल्या साध्या माणसांच्या नोकऱ्या गेल्या. आपल्याकडेही मुंबईचा महिंद्र युनायटेड हा संघ २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकला होता. २०१० मध्ये कंपनीने तो बंद केला. मालकाचा निर्णय, तो त्याच्या अधिकारातला. पण कूपरेजच्या फळ्यांवर बसून त्या संघासाठी घसा बसेपर्यंत ओरडणाऱ्यांना त्यात काही विचारण्याचा प्रश्नच नव्हता. एकाच हाताने भरवलेल्या पोटाचे असेच असते. तेव्हा नियम हवा होता, याविषयी माझ्या मनात शंका नाही. शंका आहे ती त्याच्या लेखनाविषयी.

या वाङ्मयातला सर्वांत वाचनीय ग्रंथ म्हणजे लोझान येथील क्रीडा लवादाने २०२० च्या जुलैत दिलेला निवाडा. पाने ९३. त्याआधी फेब्रुवारीत यूईएफएच्या समितीने मँचेस्टर सिटीला दोन वर्षे युरोपीय स्पर्धांतून बाद करून तीन कोटी युरो दंड ठोठावला होता. प्रायोजकाच्या नावाने जमा धरलेला पैसा वस्तुतः मालकाकडून आला, असा आरोप होता. क्लबाने तो सपशेल नाकारला. लवादाने बंदी उठवली. काही आरोप सिद्ध झाले नाहीत आणि काहींना पाच वर्षांची मुदत उलटून गेली होती, असे त्याने म्हटले. तपासात सहकार्य केले नाही एवढ्यापुरता दंड राहिला, तोही एक कोटीवर आला.

मुदत उलटल्यामुळे न सोडवलेला आरोप हे मोठे विचित्र प्रकरण आहे. रहस्यकथेच्या अखेरच्या प्रकरणात गुप्त पोलिसाने सर्वांना दिवाणखान्यात जमवावे आणि घड्याळ पाहून म्हणावे, 'उशीर झाला, आता घरी जा.' कायद्याच्या दृष्टीने ते योग्यच असेल. वाचक मात्र अतृप्त राहतो, आणि ज्याच्यावर आरोप झाला तोही धड निर्मळ होऊन बाहेर पडत नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत इंग्लंडच्या प्रीमियर लीगने त्याच क्लबावर शंभराहून अधिक आरोप ठेवले, क्लबाने तेही नाकारले आणि २०२४ च्या सप्टेंबरात सुरू झालेली सुनावणी डिसेंबरापर्यंत चालली.

आता आमच्या मुख्याध्यापकांच्या प्रश्नाकडे येऊ. पानाचा खरा दर कोणता? २०२१ च्या ऑक्टोबरात सौदी अरेबियाच्या सार्वजनिक निधीने न्यूकॅसल युनायटेड घेतला आणि दोन महिन्यांत प्रीमियर लीगने नियम केला की, मालकाशी नाते असलेल्या प्रायोजकाचा करार 'वाजवी बाजारभावा'ने तपासला जाईल. शब्द गोड आहे. पण हा भाव ठरवायचा कसा? इतर क्लबांना काय मिळते ते पाहून. इतरांना काय मिळते? जे पूर्वीपासून मोठे, त्यांना मोठे; जे लहान, त्यांना लहान. म्हणजे स्मरणिकेच्या पानाचा दर गेल्या वर्षीच्या स्मरणिकेवरून ठरायचा आणि यंदा आपण उत्तम अंक काढणार आहोत हे कोणी ऐकून घ्यायचे नाही. नातलगाचा पैसा मोजून घेणे न्यायाचे आहे; परंतु त्याच मापाने धाकट्याने धाकटेच राहावे अशी सोयही होते. या दोहोंतले अंतर नियम लिहिणाऱ्यांना दिसले नाही, असे मी म्हणणार नाही. त्यांतल्या काहींना ते सोयीचे होते, एवढेच म्हणतो.

एव्हर्टनची कथा याच्या उलट आहे. त्यांचा प्रायोजक म्हणजे अलीशेर उस्मानोव्ह यांची कंपनी. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर स्वारी केली, तेव्हा ते करार थांबवावे लागले. नव्या मैदानाला नाव देण्याच्या मोबदल्यात यावयाचा पैसाही बुडाला. लीगचा तेव्हाचा नियम असा की, तीन हंगामांत मिळून साडेदहा कोटी पौंडांहून जास्त तोटा नको. एव्हर्टनचा भरला सुमारे साडेबारा कोटी. युद्धाचे कारण क्लबाने मांडले. ते मानले गेले नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात दहा गुण कापले, अपिलात त्यांचे सहा झाले आणि एप्रिलात आणखी दोन गेले. एक प्रायोजक गेला तर कोसळावे इतका भार एकावर टाकू नये, हे खरेच. पण ते गुण धनकोंचे गेले नाहीत. गुडिसन पार्कवर तीन पिढ्या बसत आलेल्या कुटुंबांचे गेले.

असो. मला ज्या पानाने खरोखर अस्वस्थ केले ते प्रायोजकांचे नाहीच. ते घरच्या पोरांचे आहे. क्लबाने एखादा खेळाडू पाच कोटींना पाच वर्षांच्या करारावर घेतला, तर वहीत दरसाल एक कोटी खर्च पडतो. तीन वर्षांनी त्याची वहीतली किंमत उरते दोन कोटी. तो तीन कोटींना विकला, तर नफा एक कोटी. आणि क्लबाने लहानपणापासून वाढवलेला मुलगा तीन कोटींना विकला तर? त्याची वहीतली किंमत शून्य. म्हणून तिन्ही कोटी नफा, आणि तोही त्याच वर्षी. दाम तेच, पण घरचे पोर विकणे तिप्पट फायद्याचे!

न्यूकॅसलजवळच्या व्हिटली बेचा एलियट अँडरसन आठव्या वर्षापासून त्या क्लबात वाढला. २०२४ च्या जूनअखेर हिशेबाचे वर्ष संपत होते आणि तोट्याची मर्यादा जवळ आली होती. जगातल्या सर्वांत धनाढ्य मालकांपैकी एक असलेल्या त्या क्लबाने आपला हा मुलगा नॉटिंगहॅम फॉरेस्टला दिला. सुमारे साडेतीन कोटी पौंड, असे वृत्तपत्रांत आले. प्रशिक्षक एडी हाऊ यांनी ही विक्री मनाविरुद्ध झाल्याचे बोलून दाखवले. मालकाजवळ पैसा नव्हता का? होता. पण तो क्लबाच्या वहीत 'मिळकत' म्हणून येऊ शकत नव्हता. जो पैसा मालकाने आनंदाने दिला असता तो चालत नाही, आणि पोर विकून आलेला चालतो!

मी शिक्षक आहे. या ओळी वाचून मला शांत राहणे कठीण जाते. आठ वर्षांचे मूल आपण शाळेत घेतो, तेव्हा त्याच्यावर केलेल्या खर्चाची वहीत किंमत राहत नाही हे मलाही ठाऊक आहे. पण म्हणून त्याची किंमत शून्य, असा अर्थ आमच्यापैकी कोणी काढलेला नाही.

याच सुमारास चेल्सी क्लबाने आपली दोन हॉटेले आपल्याच मालकीच्या दुसऱ्या कंपनीला सात कोटी पासष्ट लाख पौंडांना विकली आणि पुढे महिलांचा संघही असाच घरातल्या घरात विकला. प्रीमियर लीगच्या वहीत ते बसले. यूईएफएच्या वहीत असला नफा धरीत नाहीत, आणि २०२५ च्या जुलैत यूईएफएने या क्लबाला तीन कोटी दहा लाख युरोंचा दंड केला. या खिशातून त्या खिशात टाकलेल्या पैशाला उत्पन्न म्हणणारा जमाखर्च आमच्या मुख्याध्यापकांनी एका दिवसात परत पाठवला असता.

आता नवे माप आले आहे. यूईएफएने खेळाडूंवरचा खर्च मिळकतीच्या सत्तर टक्क्यांत बसवण्याचा नियम २०२५-२६ पासून पूर्णपणे लागू केला. प्रीमियर लीगने २०२६-२७ च्या हंगामापासून पंच्याऐंशी टक्के ठरवले. आकडे सुटसुटीत झाले आणि तोट्याची ती तीन वर्षांची बेरीज गेली, हे बरे झाले. पण खर्चाची मुभा मिळकतीवर ठरणार म्हटल्यावर सदऱ्यावरच्या नावाचे वजन पूर्वीपेक्षा वाढले आणि वाजवी भावाचा जुना प्रश्न अधिकच तीव्र झाला. खेळाडूंच्या विक्रीतला नफाही त्या मिळकतीच्या बाजूला धरला जातोच. म्हणजे घरच्या पोराचा भाव अजून तिप्पटच.

माझी सूचना हिशेबतपासनिसांना बाळबोध वाटेल. विकत घेतलेल्या खेळाडूचा खर्च पाच वर्षांत वाटता, तर वाढवलेल्या खेळाडूच्या विक्रीचा नफाही पाच वर्षांत वाटा. मग जूनच्या तीस तारखेला कोणाला घाई होणार नाही. मालकाला क्लबावर माया असेल तर ती 'देणगी' या सदरात उघड लिहू द्या, ठरावीक मर्यादेपर्यंत चालू द्या आणि तीही आगाऊ रोख भरून घ्या, म्हणजे त्याची माया आटली तरी खेळाडूंचे पगार थांबणार नाहीत. नातलग विमान कंपनीच्या पानाचा दर शोधीत वकिलांनी वर्षे घालवण्यापेक्षा हे स्वस्त पडेल.

अँडरसन २०२५ च्या सप्टेंबरात इंग्लंडच्या संघातून खेळला, त्या वेळी तो फॉरेस्टचा खेळाडू होता. आमच्या स्मरणिकेतल्या व्यापाऱ्यांनी पुढल्या वर्षी पुन्हा दहा हजार दिले, आणि या खेपेस पावती फाडताना त्यांनीच मला विचारले, "गुरुजी, नऊ हजार कुठे लिहिता?"