उंची आणि खालचे हात

कौटुंबिक छायाचित्रांची चिकित्सा करण्याची प्रथा आपल्याकडे नाही. ती घरची वस्तू, ममतेने काढलेली. तिच्याविषयी कलेच्या परिभाषेत बोलणे पुष्कळांना औचित्याला सोडून वाटते. तथापि अमेरिकेत या छायाचित्रांची एक शाखा अशी वाढली आहे की, तिचे गुणदोष पाहणे अगत्याचे ठरावे. तेथे मुलामुलींच्या चीअरलीडिंगच्या स्पर्धा बंदिस्त क्रीडागृहांत भरतात आणि प्रेक्षकांत बसलेले आईबाप आपापल्या अपत्याची छायाचित्रे टिपतात. समुद्रापलीकडे स्थायिक झालेल्या आप्तांकडून असे एखादे चित्र आपल्याही घरी येऊ शकते. म्हणून ते पाहावे कसे, हा प्रश्न सर्वस्वी परका नाही.

प्रथम या क्रीडेचे स्वरूप ध्यानात घेऊ. १८९८ च्या नोव्हेंबरात मिनेसोटा विद्यापीठातील जॉनी कॅम्पबेल या विद्यार्थ्याने फुटबॉलच्या सामन्यात प्रेक्षकांकडून एका सुरात जयघोष करवून घेतला. तेथून हिचा आरंभ मानतात. प्रारंभी ती पुरुषांचीच होती. पुढे मैदानाची कड सोडून ती स्वतंत्र स्पर्धेच्या मंचावर आली, आणि २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने तिच्या जागतिक संघटनेला पूर्ण मान्यता दिली. ५४ फूट लांब व ४२ फूट रुंद अशा मंचावर, अवघ्या अडीच मिनिटांत, संघाने कोलांट्या, उड्या, नृत्य आणि मानवी मनोरे असे सारे सादर करावयाचे असते. मनोऱ्यात बहुधा दोघीजणी खालून आधार देतात, तिसरी मागून सांभाळते आणि चौथी वर जाते. टाळ्या मात्र चौथीला पडतात.

हौशी छायाचित्रकाराच्या अडचणी खऱ्या आहेत आणि त्यांची जाणीव ठेवूनच टीका केली पाहिजे. क्रीडागृहातील प्रकाश डोळ्यांना भरपूर वाटला तरी कॅमेऱ्याला तो तोकडा पडतो. हवेत असलेल्या मुलीचे डोळे दिपू नयेत म्हणून फ्लॅशला सामान्यतः मज्जाव असतो. जागा दूरची, पुढे माणसांची डोकी, आणि हालचाल इतकी वेगवान की सेकंदाच्या पाचशेव्या अंशाहून मंद शटर चालत नाही. अशा स्थितीत स्पष्ट चित्र मिळवणे हेच एक कौशल्य होय.

परंतु येथेच निसर्गाचा एक नियम छायाचित्रकाराला भुलवतो. वर फेकलेली वस्तू शिखरावर क्षणभर थबकते. त्या क्षणाच्या आधीच्या वा नंतरच्या दशांश सेकंदात तिच्या उंचीत जेमतेम ५ सेंटिमीटरचा फरक पडतो. म्हणून शिखरावरचे चित्र सर्वांत भव्य दिसते आणि तुलनेने सर्वांत सोपेही असते. उलट, दोन मीटर खाली येईपर्यंत तीच मुलगी सेकंदाला सहा मीटरांहून अधिक वेगाने येत असते. तिला झेलले जाण्याचा क्षण टिपणे दुष्कर. परिणामी अशा संग्रहांत शिखरेच शिखरे आढळतात, झेलणे क्वचितच दिसते. पसरलेले बाहू, ताणलेली पावले आणि परीक्षकांसाठी मुखावर बसवलेले हास्य! दहावे चित्र पहिल्यापासून वेगळे ओळखू येत नाही.

या चित्रांचे मुख्य वैगुण्य त्यांच्या चौकटीत आहे. दूरदर्शी भिंगाने जवळ ओढलेली आपली मुलगी चौकट भरून टाकते आणि तिला पेलणारे हात कडेला कापले जातात. मग ती अधांतरी उभी दिसते. तिचे धैर्य दिसते, पण तिचा विश्वास दिसत नाही. दहीहंडीचा मनोरा पाहताना जाणता मनुष्य वरच्या बालगोविंदाकडे जितका पाहतो, तितकाच खालच्या थरातील खांद्यांकडेही पाहतो, कारण वरच्या उंचीचा अर्थ त्या खांद्यांपाशी असतो. हे तत्त्व छायाचित्राला तसेच लागू पडते.

हौशी माणसाला हे साधणार नाही, असेही म्हणता येत नाही. फ्रान्सच्या झाक आंरी लार्तिग याने १९०५ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, पॅरिसमध्ये आपल्या चुलतबहिणीने पायऱ्यांवरून घेतलेली उडी टिपली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९६३ मध्ये त्याच्या बालपणीच्या चित्रांचे प्रदर्शन भरवले आणि त्याचे नाव जगभर झाले. ती चित्रेही घरच्यांचीच होती. पण त्या उडीच्या चित्रात त्याने पायऱ्या ठेवल्या. त्या नसत्या तर बहीण किती उंच उडाली हे पाहणाऱ्यास कधीच कळले नसते.

येथे एक रास्त आक्षेप निघेल. चौकट रुंदावली की परक्यांची मुले तीत येतात, आणि त्यांची चित्रे काढण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? आक्षेप वजनदार आहे. परंतु त्याचा रोख काढण्यापेक्षा प्रसिद्ध करण्यावर अधिक आहे. घरच्या संग्रहात संघ असावा. चारचौघांत मांडण्यापूर्वी इतरांच्या आईबापांना विचारावे, आणि आपल्या मुलीलाही. पुष्कळ आईबाप हे शेवटचे विचारणेच विसरतात. शिवाय मनगट घट्ट धरलेल्या हातांच्या चित्रात कोणाचाच चेहरा लागत नाही.

जी मुलगी वर्षानुवर्षे खालीच उभी राहते, तिचा प्रश्न तर याहून गंभीर आहे. मैत्रिणींच्या घरच्या चित्रांत ती अर्धा दंड आणि केसांचा फितीचा गोंडा एवढीच उरते. आणि वरची मुलगी हीच चित्रे पाहत मोठी होते. आपण एकटीनेच उंच गेलो होतो, असे ती त्यांतून शिकते. आईबापांनी हे शिकवायचे ठरवलेले नसते. चौकट ते परस्पर शिकवते.

म्हणून असा संग्रह हाती आला असता रसिकाने तीन गोष्टी शोधाव्यात. झेलण्याचे एक तरी चित्र आहे काय? आधार देणाऱ्यांचे हात कोठे दिसतात काय? आणि निकालाची वाट पाहत संघ मंचावर एकमेकींचे हात धरून बसतो, त्या वेळचे, हास्य उतरलेले खरे चेहरे टिपले आहेत काय? भव्य शिखरे स्पर्धेचा व्यावसायिक छायाचित्रकारही विकतो, आणि बहुधा अधिक सफाईने. वरील तीन चित्रांसाठी संघातील प्रत्येकीला नावाने ओळखणारा माणूस लागतो, आणि तो प्रेक्षकांतच बसलेला असतो.