निळाई उतरविण्याची चाल
जुन्या पिस्तुलावर नवी नक्षी कोरण्यापूर्वीं त्याची निळाई आम्लानें उतरविण्याची चाल आम्हांस मान्य नाहीं. निळाई हा वरून दिलेला मुलामा नव्हे. तो पोलादाच्याच पृष्ठाचा पातळ थर होय. १८५१ च्या कोल्ट नेव्ही पिस्तुलाच्या सिलिंडरावर १६ मे १८४३ च्या टेक्सस-मेक्सिको आरमारी लढाईचें ऑर्म्सबीकृत चित्र उथळ उठविलेलें असे व निळाई मागाहून चढे. म्हणून रेषेच्या तळाशीं उरलेली निळाई मूळ कामाची साक्ष देते. मागाहून कोरलेली रेषा ती निळाई कापून जाते. आम्ल हा पुरावा धुऊन टाकतें, आणि पाठोपाठ घासकागद चित्रहि झिजवितो. पोथींत हरताळाखालचें अक्षर कधीं कधीं वाचतां येतें. येथें तेंहि उरत नाहीं. नक्षीची हौस नव्या पोलादावर भागवावी.